वासावर जायचं नाय

सुजे, तुझ्या घरून आत्ताच आले. पर्स मांडीवर तशीच आहे, पंखासुद्धा लावलेला नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम व्यवस्थित झाला. फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं, आणि मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलायला लागला. तुझ्या कंपनीतले एक साहेब म्हणाले, "मॅडम फार शांत स्वभावाच्या होत्या." मला वाटलं, हा माणूस चुकून दुसऱ्याच्या कार्यक्रमाला आला की काय! शांत? तू? जी बाई भाजीवालीच्या तराजूखाली हात घालून बघायची, ती शांत? मी पदर तोंडाला लावला. हसू येतंय का रडू, ते माझं मलाच कळेना.

मलाही बोला म्हणाले. मी नुसती मान हलवली. काय बोलणार होते मी? आमची शेवटची भेट भांडणात गेली हे सांगू? त्या रविवारी तुझ्या सोफ्यावर बसून मी म्हणाले होते, "सुजे, तुझ्या तोंडाला ॲसिटोनचा वास येतोय. आत्ताच्या आत्ता शुगर तपास." आणि तू मला जवळजवळ घराबाहेर काढलंस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. मग एकदम दवाखान्यातून फोन, आणि मी पोचेपर्यंत सगळं संपलेलं. साखरेनंच नेलं तुला. मला जे वासावर कळलं होतं तेच खरं निघालं, आणि सांगायला तू नाहीस. एवढा राग येतोय मला तुझा की विचारू नको.

पण ते भांडण त्या रविवारचं नव्हतंच. ते पहिल्या वर्षाच्या ऑरगॅनिकपासून चालू होतं.

तुला आठवतं का गं, मी कशी आले होते कॉलेजात? सोयगावकडची, मराठी शाळेतली, बापाची मेंढरं. मामा वाळूजच्या एका कंपनीत फिटर होता म्हणून पुंडलिकनगरला त्याच्याकडं राहायची सोय झाली, नाहीतर बारावीनंतर माझं लग्नच ठरलं होतं. ऑरगॅनिकच्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, कार्बनला चार हात असतात, आणि त्या चार हातांनी तो जगातलं सगळं बांधतो. मला ते लई आवडलं. बाकीचं सगळं इंग्रजीत होतं आणि डोक्यावरून जात होतं, पण चार हात मला कळले.

आणि मग आला तो ॲसिडांचा तास. सरांनी फळ्यावर ॲसिडांची रांग मांडली. पहिलं मुंगीच्या डंखातलं, दुसरं व्हिनेगरमधलं, चौथं खवट लोण्यातलं. सहाव्यावर आले आणि म्हणाले, याचं जुनं नाव लॅटिनमधल्या शेळीवरून पडलंय, कारण याला बोकडासारखा वास येतो. झालं! मागच्या बाकावरून सुरू, ब्यॅ, ब्यॅ. सगळी पोरं माझ्याकडं बघून हसायला लागली, कारण ओळख करून देताना मी सरळ सांगितलं होतं, आमची मेंढरं आहेत म्हणून. माझे कान तापले. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून एक पोरगी उठली, दोन घट्ट वेण्या, निळा दुपट्टा, आणि म्हणाली, "सर, मागं कुणीतरी सॅम्पल घेऊन आलंय बघा."

सगळा वर्ग फुटला. ओरडणारं पोरगं खाली बसलं.

तास संपल्यावर मी तुझ्यामागं पळत आले. आभार मानायचं मनातच आलं नाही, मी म्हणाले, "ते शेळीवानी वरडले. आमच्याकडं मेंढ्या हायेत. मेंढीचा आवाज येगळा असतो." तू पायरीवर बसलीस आणि डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसलीस. "कायकू टेन्शन घेती," म्हणालीस, "पुढच्या टायमाला त्यांना बरोबर आवाज शिकवू." शहरात वाढलेली तू, तुझ्या बोलण्यात निम्मं हिंदी. मला वाटलं, ही पोरगी आपल्याला सोडणार नाही. आणि नाहीच सोडलंस.

रोल नंबरनं प्रॅक्टिकलला आपण एकाच बाकाला आलो. एक बर्नर, एक स्टँड, दोघीत मिळून एक अनोळखी पदार्थ. सर पुडी द्यायचे आणि आपण शोधायचं, हे काय आहे. पहिल्याच पुडीत पांढरे दाणे निघाले. मी ओल्या हातावर चिमूटभर घेतले, हात गार पडला. म्हटलं, युरिया! शेताच्या बांधावर पोती पाहिलेली, त्यात काय ओळखायचं? मी वहीत लिहायला घेतलं तर तू पेन काढून घेतलंस.

"असंल युरिया. पण सिद्ध कर."

"अगं हाताला कळतंय ना!"

"हाताला कळलं ते पेपरात लिहिता येत नाय."

मग तू माझ्याकडून एकूण एक टेस्ट करून घेतलीस. जाळून बघितलं, पाण्यात विरघळवून बघितलं, वितळबिंदू काढला, सगळं. शेवटी युरियाच निघाला. मी म्हणाले, "बघ!" तू म्हणालीस, "बघितलं. आता तुला माहितीये. मघाशी तुला नुसतं वाटत होतं." मी इतकी चिडले की त्या दिवशी बसस्टॉपपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आलीस आणि स्वतःशीच गाणं गुणगुणत होतीस.

माझं नाक होतंच तसं तिखट. आमच्या घरात नाकाला मान होता. दुधाला वास कसला येतो यावरून आई सांगायची, कळप आज कुठं चरला. मीही प्रॅक्टिकलला बाटलीचं बूच काढलं की आधी नाक. सर ओरडायचे, वास थेट घ्यायचा नाही, हातानं हवा ओढून घ्यायची. तू तर त्याच्याही पुढं. "वासावर जायचं नाय," हे तुझं पालुपद. एकदा मी विचारलंच, एवढा काय गं तुझा नाकावर राग?

आपण लॅबमागच्या कडुलिंबाखाली डबा खात होतो. तू घास खाली ठेवलास. म्हणालीस, "शाळेत एक बाई होत्या. मी डबा उघडला की लांबूनच नाकाला पदर लावायच्या. डब्यात काय असायचं माहितीये? मेथीची भाजी. त्यांनी कधी डब्यात वाकून बघितलंच नाय. वास डब्यात नव्हता कौसे, त्यांच्या नाकात होता. घरून घेऊन यायच्या."

मी म्हणाले, "माझं नाक तसलं नाय."

"हौ. सगळीच नाकं असंच म्हणतात."

मला ते झोंबलं. आजही झोंबतं. मी तुझ्या त्या बाईंच्या रांगेत कशी गं बसले? मलाही तर पोरं मेंढरांचा वास येतो म्हणायची. पण तुला वाद घालायचा तर पुरता घालायचा असायचा, समोर मैत्रीण असली तरी.

आणि नेमकं पुढं माझं नाक चुकलंच की. फिकट पिवळ्या तेलासारखं द्रव होतं. बूच काढलं आणि वास आला, कडू बदामाचा. मी म्हणाले, बेंझाल्डिहाईड, डोळे मिटून लिही. पुस्तकात तसंच पाठ केलेलं, कडू बदाम म्हणजे बेंझाल्डिहाईड. तू म्हणालीस, सोडियम करू. मला सोडियमचा कंटाळा यायचा. केरोसिनमधून तुकडा काढा, टिपा, बारीक नळीत पदार्थाबरोबर लालबुंद होईपर्यंत तापवा, आणि मग ती नळी तशीच पाण्याच्या बशीत सोडा, फट्‌ करून फुटते. का तर म्हणे आत नायट्रोजन आहे का ते कळावं म्हणून. मी म्हणाले, तू कर, मी निकाल लिहून ठेवते.

तू केलंस. गाळलंस, औषधं घातलीस, उकळलंस, ॲसिडचे थेंब सोडलेस. आणि नळीत निळं आलं. काय निळं होतं ते! नायट्रोजन होता. बेंझाल्डिहाईडमध्ये नायट्रोजन नसतो, म्हणजे माझं उत्तर साफ चुकलं होतं. ते निघालं नायट्रोबेंझीन, ज्याला अगदी तसाच बदामाचा वास येतो. दोन वेगळे पदार्थ, वास एक.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं का नाही, यावर घरोघरी, बसमध्ये, चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. आपण शाळेतसुद्धा गेलो नव्हतो तेव्हापासूनचं ते भांडण, आणि आता परत पेटत होतं. शेजारच्या बाकावरच्या एकानं तुझी नळी बघितली आणि कुचकट हसून म्हणाला, "आलं बघा, तुमचं निळं आलं!" मला वाटलं, आता ही नळी त्याच्या डोक्यात घालते. तू नळी उजेडात धरलीस आणि म्हणालीस, "माझं नाय रे, नायट्रोजनचं आलंय. तुझ्या बाटलीत असंल तर तुझंपन येईल." त्याच्या बाटलीतही होता. त्याचंही निळंच आलं. मी त्या दिवसाइतकी कधी हसले नाही.

मग तू मला गुलमंडीत नेलंस. एका अत्तरवाल्या चाचांच्या दुकानात बसवून डोळे मिटायला लावले आणि मनगटावर थेंब टेकवला. मी म्हणाले, गुलाब. चाचा हसले. "बेटा, इसमें गुलाब की एक पत्ती भी नक्को ढूंडो. सब शीशी का कमाल है." तू नुसत्या भुवया उडवल्यास. तेव्हापासून माझं नाक तुझ्या लेखी बेंझाल्डिहाईडवालं नाक झालं. मी काहीही हुंगून बोलले की तू म्हणायचीस, "कौसे, बेंझाल्डिहाईड?" तीस वर्षं हाच टोमणा.

हिवाळ्यात वातावरण जास्तच बिघडलं. गावाकडं एसट्या बंद, रोज कुठून ना कुठून वाईट बातमी. तुमच्या वस्तीत पोरं पाळ्या लावून पहारा द्यायची, तू सांगायचीस. तशात एका प्रॅक्टिकलला चार-पाच पोरं सरांकडं गेली. म्हणाली, सर, पार्टनर बदलून द्या. का, ते कुणी बोललं नाही. सरांनी विचारलंही नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "ज्याला जिथं बरं वाटेल तिथं उभं राहा."

बघता बघता सगळी लॅब हलली. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही, जात काढली नाही, नुसते स्टूल सरकल्याचे आवाज. खिडकीकडं एक गट, दाराकडं दुसरा, सिंकजवळ तिसरा. आणि मी मधल्या बाकाशी, हातात चिमटा, चिमट्यात सोडियमची नळी, बर्नरवर लाल झालेली. समोर तू, पाण्याची बशी धरून. कॉलेजात आल्यापासून जिनं मला पाठ दाखवली होती ती पाटलांची पोरगी हाक मारायला लागली, "कौसा, इकडं ये ना गं, तिथं काय करती?" खरं सांगू का सुजे, आमची बाजू कुठली तेच मला कळेना. आम्ही मेंढरंवाले, आमचा कुठल्या गटात स्टूल? मी म्हणाले, "नळी तापलीय." तेवढंच म्हणाले. मग नळी बशीत सोडली, फुटली, आपण पुढचं सगळं केलं, आणि दोन तास त्या बाकाला आपण दोघीच होतो.

आज तुझ्या भावानं तीच गोष्ट सांगितली. माईक धरून म्हणाला, सगळे पळाले पण कौसाताईंनी बाक सोडला नाही. लोक वळून माझ्याकडं बघायला लागले, एका म्हातारीनं हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती वेळा सांगितलं होतं तुला, अगं मी काही शूर नव्हते, लाल नळी हातात घेऊन माणूस जाणार कुठं? तू दर वेळी एकच म्हणायचीस. "नळी गार झाल्यावर पण तू तिथंच होतीस ना? मग झाली की टेस्ट."

घरी मामाला कुणीतरी सांगितलं. मामा वाईट नव्हता, पण भित्रा होता. "तुला आत्ताच कायचं शानपन सुचलं? आपल्याला हितं ऱ्हायचंय," म्हणाला आणि माझं कॉलेज बंद केलं. मी पुंडलिकनगरच्या त्या खोलीत बसून मामीला ज्वारी निवडू लागायचे. तशातच विद्यापीठाचा निर्णय झाला. चौकाचौकांत पोलीस, दुकानं निम्मी बंद. शहर जरा शांत झाल्यावर एका दुपारी तू सायकलवर आलीस, हँडलला पेढ्यांचा डबा अडकवलेला. दार मामानंच उघडलं.

"मामा, कौसाचे प्रॅक्टिकल बुडाले. समजावून सांगायला आले. आणि हे पेढे."

मामानं आधी गल्लीत दोन्हीकडं बघितलं. मग तुझ्याकडं. मग डब्यातला एक पेढा उचलून तिथंच दारात उभा राहून खाल्ला. म्हणाला, "आत ये पोरी, उन्हात कायला उभी?" त्या दिवशी मला माझा मामा लई आवडला. तू आत आलीस, मामीच्या चुलीपुढं बसून मला बुडालेलं सगळं ऑरगॅनिक शिकवलंस. मात्र स्वतः पेढा खाल्ला नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "नाव बदललं नाय, वाढवलंय नुसतं. एवढी घरं जळली, एवढी माणसं गेली, आणि शेवटी वाढवून दिलं."

"मिळालं ना पण?" मी म्हणाले.

"तुला अर्ध्यावर सोडलेली टेस्ट चालती. मला नाय चालत."

यावरही आपलं कधी एकमत झालं नाही. मला अजून वाटतं, मिळालं ते मिळालं, तू त्या दिवशी एक पेढा तरी खायला पाहिजे होतास. बाकी सगळ्यांना वाटलेस, आणि स्वतःचं तोंड कडू ठेवलंस. विद्यापीठाच्या गेटवरून जाताना तू ती नव्या नावाची पाटी वाचायचीस, मी बघितलंय, ओठ हलायचे तुझे. मग आनंद झालाच नव्हता असं कसं म्हणत होतीस?

पुढं तू औषधांच्या कंपनीत क्वालिटीला लागलीस, मी बी.एड. करून शाळेत. सोयगावला काही वर्षं काढून परत शहरात आले तेव्हा तुझ्या कंपनीच्या आजूबाजूला नुसत्या कारखान्यांच्या चिमण्या आणि पत्र्याच्या शेड झाल्या होत्या. तू तिथं दरारा निर्माण केला होतास. एकदा म्हणे सगळे साहेब मागं लागले, मॅडम, मालाला काही झालेलं नाही, वास ठीक, रंग ठीक, सही करा. तू सही केली नाहीस. टेस्ट परत लावली, आणि माल खराब निघाला. हे मला तू स्वतः सांगितलंस, दर दिवाळीला, जरा वाढवून. शांत स्वभाव म्हणे!

सॉल्व्हंटच्या वासात इतकी वर्षं काढून तुझं स्वतःचं नाक मात्र गेलं. भाजी करपली तरी तुला कळायचं नाही. मी आले की आधी गॅसकडं पळायचे. तू म्हणायचीस, "बरं झालं गेलं. तुझ्यासारखं चुकीचं सांगण्यापेक्षा नसलेलं बरं."

आणि तो रविवार. तू वाळली होतीस. ताप येऊन गेला होता, शेजारी पाण्याची मोठी बाटली, आणि तू सारखी तोंडाला लावत होतीस. मी म्हणाले, एवढं पाणी? म्हणालीस, ऊन आहे. मग लेकीचा फोटो दाखवायला तू माझ्याकडं झुकलीस आणि मला तो वास आला. गोडसर, पिकून गेलेल्या फळासारखा, नेलपॉलिश पुसायच्या बाटलीसारखा. माझ्या सासूबाईंना शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांच्या श्वासाला हाच वास होता. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, साखर हाताबाहेर गेली की अंगात ॲसिटोन तयार होतं. लॅबमध्ये आपण किती वेळा ती ॲसिटोनची बाटली हाताळली होती! मी बोलले. लगेच बोलले, मागचापुढचा विचार केला नाही.

तू हसलीस. "आलं बेंझाल्डिहाईड."

"सुजे, चेष्टा नको. तुझ्या आईला पण शुगर होती."

"वासावर जायचं नाय, कौसे."

"मग टेस्ट कर की बाई! मी दुसरं काय सांगतीये? जन्मभर तू मला जे सांगितलंस तेच तुला सांगतीये ना!"

"ऑडिट झालं की करते."

"सगळ्या दुनियेच्या टेस्टा करती आणि स्वतःची नाय? भ्यालीस का?"

तिथं तू बदललीस. चेहरा असा बंद झाला की मला शाळेतल्या त्या बाईंसमोर डबा मिटून बसलेली पोरगी दिसली. "निघ तू आता," म्हणालीस. मी निघाले. चहा तसाच राहिला. रिक्षातूनच तुझ्या प्रज्ञाला फोन लावला, म्हटलं, आईला धरून ने. ती म्हणाली, "मावशी, आई ऐकते का कुणाचं?" सोमवारी दोनदा मी तुला फोन केला. तू उचलला नाहीस.

आज कार्यक्रमात मला हेच खात होतं. तुला भीती वाटत होती आणि मी ती चारचौघांसारखी बोलून दाखवली. तू माझ्यावर रुसून गेलीस, आणि रुसवा काढायला जागाच ठेवली नाहीस. लोक बोलत होते आणि मी मनात तुझ्याशी भांडत होते. एवढी हुशार बाई, निळं आल्याशिवाय ज्या बाईनं आयुष्यात कशावर सही केली नाही, ती स्वतःच्या रक्ताचा एक थेंब तपासायला तयार होत नाही! काय म्हणावं याला?

मग जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. प्रज्ञा ओट्याला टेकून उभी होती. डोळे सुजलेले. मला बघून म्हणाली, "मावशी, तुला एक सांगायचं राहिलं. आई गेली होती टेस्टला."

मी म्हणाले, "कधी?"

"मंगळवारी सकाळी. कंपनीत जायच्या आधी. मी म्हटलं सोबत येते, तर नको म्हणाली. चप्पल घालताना हसत होती. म्हणाली, कौसाचं नाक खोटं पाडून येते. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन तिच्या घरी जाते आणि तिच्यासमोर आपटते. वर म्हणाली, तिला सांग चहा टाकून ठेव, त्या दिवशीचा राहिलाय."

रक्त देऊन तू कंपनीत गेलीस. दुपारी तिथंच कोसळलीस. रिपोर्ट प्रज्ञाच्या मोबाईलवर आला तेव्हा तू आयसीयूत होतीस आणि तुला शुद्ध नव्हती. तो आकडा तुला कुणी दाखवलाच नाही. तू गेलीस ती माझं नाक चुकलंय असंच धरून.

प्रज्ञाला जवळ घेऊन मी तिथंच ओट्याशी उभी राहिले. बाहेर कुणीतरी खुर्च्या आवरत होतं. तुला माझा राग नव्हता, सुजे. तू येणार होतीस. माझं ऐकलंस तू, तुझ्या पद्धतीनं, मला खोटं पाडायला का होईना, पण ऐकलंस. एवढं एक मला आज तुझ्या घरून मिळालं, आणि ते घेऊन मी इथं बसलेय.

तीस वर्षांपूर्वी माझं नाक चुकलं होतं आणि ते तू मला कधी विसरू दिलं नाहीस. या खेपेला मी बरोबर निघाले, आणि मला ते नको आहे. ये ना गं, ये आणि आपट तो रिपोर्ट माझ्यासमोर. म्हण मला बेंझाल्डिहाईड. चहाचं आधण मी ठेवते, तू फक्त एकदा माझं नाक खोटं पाडून दाखव.